एकोणीस ऑक्टोबरची प्रत

नोव्हेंबरात औलूला दुपारी तीनलाच अंधारतं.
तूलिक्कीच्या स्वयंपाकघरात स्क्रीन निळा झाला
आणि निळाच राहिला.

तिनं आधी कॉफी ठेवली, मग शिवी हासडली,
मग राईच्या पिठाच्या डब्यामागून हार्ड डिस्क काढली.
चिकटपट्टीवर तिचंच अक्षर:
एकोणीस ऑक्टोबर.

चार टक्के.
चारवरच बसून राहिलं ते, जेवायला बोलावल्यासारखं.
तेवढ्यात एका मोज्याची टाच विणून झाली.

मग आले विणकामाचे नमुने, विजेची बिलं,
मेलेल्या मांजराचे नव्वद फोटो,
आणि ते पत्र.

होडीच्या वाटणीवरून भावाला लिहिलेलं,
वीस ऑक्टोबरच्या पहाटे तिनंच पुसलेलं.
कायमचं काढायचं? नक्की?
नक्की.
तरी परतलं, एक स्वल्पविरामही न गमावता.

यंत्राला काय कळणार
गेलेलं कुठलं
आणि घालवलेलं कुठलं.

तिनं ते उघडलं नाही. पुसलंही नाही.
जुनी पट्टी नखानं सोलली,
नवीवर आजची तारीख घातली,
डिस्क पुन्हा पिठामागे.

मग कौकोला फोन लावला.
बराच वेळ वाजला.
"होडी," ती म्हणाली, "अजून गळते का?"