बोटभर सावली

खल्फान फलजाचा अरीफ.
डोंगराच्या पोटातून आणलेला पाट तो फलज,
आणि त्याच्या पाळ्या जाणणारा तो अरीफ.
त्याच्याकडे घड्याळ नाही, काठी आहे,
काठीपुढे जमिनीत रोवलेले चोवीस दगड.
सावली एका दगडावरून दुसऱ्यावर गेली
की एक अथर संपला,
एकाचं दार बंद, दुसऱ्याचं उघडं.
दार म्हणजे काय, चिंधी, चिखल, सपाट धोंडा.

ओमानच्या ह्या गावात न्यायाला पुष्कळ शब्द आहेत.
अद्ल: उंटाच्या दोन्ही कुशींना सारखं ओझं,
नाहीतर चढणीवर जनावर कलंडतं.
इन्साफ: त्याच्या पोटात निस्फ आहे, म्हणजे अर्धं.
वाजिब: हा समुद्र ओलांडून आमच्याकडे आला
आणि वाजवी होऊन भाजीच्या भावात रमला.
किस्त मात्र फसवा.
वाटा तोच, न्यायही तोच,
आणि जरा वळवला की अन्यायी माणूसही त्यातूनच निघतो.
खल्फान म्हणतो, तो शब्द मी उन्हात काढत नाही.

जुवैनाची खजुराची अकरा झाडं
पाटाच्या अगदी शेपटाला.
तिचा वाटा एक अथर, हुमैदचा एक अथर.
तीच काठी, तेच दगड.
पण हुमैदचं दार उगमापाशी,
आणि तिच्यापर्यंत येताना
पाट पितो, भेगा पितात, मुंग्यांची बिळं पितात,
कुणाची तरी बकरी पिते.

"सारखंच तर आहे," हुमैद म्हणाला,
आणि ते खोटं नव्हतं.
त्याच्या पुतण्यानं मोबाईलवर मोजून दाखवलं:
तीस मिनिटं, तीस मिनिटं.
"मग माझी झाडं तुझ्याकडे ने," जुवैना म्हणाली,
"आणि तुझी इकडे आण. सारखंच तर आहे."

खल्फानला पगार पाण्यातच मिळतो,
पाळीमागे दोन अथर.
त्यातला एक तिला देतो म्हणाला.
सगळे म्हणाले, वा, काय मन.
जुवैनानं घोट्यावरचा वाळका चिखल नखानं काढला.
"हे एहसान झालं, खल्फान.
तू गेलास की तेही जाईल.
तुझा मुलगा मस्कतला बँकेत, त्याला काठीची सावली कळत नाही.
मला माझं पाणी द्या. कुणाचं मन नको."

मशिदीच्या पायरीवर बराच वेळ कुणी बोललं नाही.
कुणीतरी खजुराची बी थुंकली.

मग ठरलं ते असं:
तिच्या पाळीला पाण्यावर एक वाळकं पान सोडायचं,
एका पोरानं कडेनं त्याच्याबरोबर चालायचं,
पान तिच्या दाराला टेकलं की शीळ घालायची
आणि सावली तिथून मोजायची.
मधला वेळ सगळ्यांचा,
प्रत्येक वाट्यातून बोटभर सावली.
"कुणाचं बोट?" हुमैदनं लगेच विचारलं.
लोक हसले. पण प्रश्न बरोबर होता.
मोठ्या वाट्यातून अंगठा, छोट्यातून करंगळी,
आणि ज्याचा वाटा गहाण पडलाय त्याच्यातून काहीच नाही.
"ह्याला मोजमाप म्हणायचं?" पुतण्या मोबाईल खिशात घालत म्हणाला.
"नाही," खल्फान म्हणाला.
"मोजमाप सकाळीच झालं. हे त्यानंतरचं."

जुवैनाची पाळी नेमकी रात्रीची आली.
रात्री काठी निजते, तारे मोजायचे.
एक तारा कड्याआडून निघेपर्यंत एकाचं पाणी,
पुढचा निघेपर्यंत दुसऱ्याचं.
अंधारात पान दिसेना,
पोरगं पाटात हात घालून वाकून चालत होतं.
दोनदा पान अडकलं, दोनदा त्यानं सोडवलं.
सोडवायचं की नाही, हे ठरलंच नव्हतं.

जुवैना फावडं टेकून उभी.
आधी धूळ आली, मग काटक्या,
एक बुडालेला नाकतोडा,
मग पाणी.
शीळ वाजली.

ती कुणाला काही म्हणाली नाही.
धोंडा बाजूला केला,
आणि पाणी पहिल्या झाडाला न थांबवता
सरळ पुढं नेलं,
अकराव्यापासून सुरुवात केली.