जिथल्या तिथे

विल्यांदीत, तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
माझं दुरुस्तीचं दुकान.
दारात मार्चचा राड झालेला बर्फ,
आत तापल्या कथलाचा वास,
आणि खणात एक वही, अकरा वर्षांची.
वर लिहिलंय: यंत्रणा कशी असावी.

पहिल्या पानावर मी तरुण आहे.
नमनाला घडाभर तेल नको, असं लिहितो,
बटणावरचं बोट उचलायच्या आत
कामाला उभी राहिली पाहिजे.
विचारल्याखेरीज बोलू नये.
ऊठसूट घंटा वाजवू नये.
घरात काय शिजतंय ते
गावभर सांगत फिरू नये.
आणि एका पानावर, बहुधा वैतागून, एवढंच:
प्रिंटर दिसला पाहिजे. समोरच तर आहे.

पुढे आकृत्याच आकृत्या.
कुणी कुणासाठी किती थांबायचं,
एक कोसळला तर शेजाऱ्याच्या भिंतीला
तडा कसा जाऊ द्यायचा नाही.
तिसऱ्या वर्षी ती चालू झाली.
काळ्या पडद्यावर एक रेघ, लुकलुकणारी.
रेलिका बराच वेळ बघत राहिली, म्हणाली,
छान आहे. हिच्यावर माझं पगारपत्रक निघेल?
निघेल, म्हणालो.
त्याला आता आठ वर्षं झाली.

गुरुवारी लेइडाबाई आल्या.
बर्फावरच्या ढकलगाडीला दोरीने बांधून
अख्खा संगणक आणलेला, पडद्यासकट.
बिघडलाय?
नाही, म्हणाल्या. आवरलाय.
रात्री कुणीतरी येऊन आवरून गेलंय.

सुरू केला. नवी आवृत्ती चढली होती.
सगळं लख्ख, आणि डाव्या कडेला
सगळे फोल्डर वर्णानुक्रमाने,
प्रार्थनेला उभी केलेली पोरं असावीत तसे.
काही पुसलं गेलंय का?
नाही हो. सगळं आहे.
म्हणून तर कुणाला सांगता येत नाही.

मग हातमोजा काढून त्यांनी
पडद्यावर बोट टेकवलं.
इथे अँटोनोव्का. तिच्यात विजेची बिलं.
हे कुंपणाजवळचं, तिरकं वाढलेलं,
ह्यात मुलीची पत्रं, टोरोंटोहून आलेली.
एल्मारने बाग लावली तशीच ही लावली होती,
शेवटच्या हिवाळ्यात, खिडकीशी बसून,
बाहेर बघत, एकेक.
इथे काही नको.
इथलं झाड एकोणऐंशीच्या थंडीत गेलं.

मी ओढत गेलो एकेक.
जरा डावीकडे. अजून.
अहो नाही, तिथे विहीर आहे!
मी दचकून हात मागे घेतला.

काम तसं एका टिचकीचं होतं.
'आपोआप लावा' असं लिहिलेलं असतं,
त्याच्यासमोरची खूण काढायची.
त्याचे मी पैसे घेणार नव्हतो.
त्यांनी विचारलं, पुन्हा येईल का तो, रात्रीचा?
खोटं बोलता आलं असतं.
येईल, म्हणालो.

मग वहीतलं एक पान फाडलं, कोऱ्या बाजूवर
बाग काढून दिली: चौदा झाडं, एक विहीर,
एक मोकळी जागा, तिच्याभोवती गोल.
त्यांनी पानाची घडी केली, पुन्हा उलगडली,
एक झाड पेन्सिलीने बोटभर सरकवलं,
आणि मगच पिशवीत ठेवलं.
ढकलगाडी चढावर वळेपर्यंत मी दारात होतो.

फाडलं ते पान प्रिंटरचं होतं,
हे संध्याकाळी कळलं.

दुकान बंद करून माझी यंत्रणा सुरू केली.
काळोखात रेघ,
मी सोडली होती तिथेच, वर डावीकडे.
तिने काही विचारलं नाही.
मीही काही सुचवलं नाही.
थोड्या वेळाने दिवा लावला
आणि रेलिकाचं पगारपत्रक
हातानेच लिहायला घेतलं.