खाकी कागद

राजारामपुरी, अकरावी गल्ली.
रात्री डीपी जळाली ती दुपारी दोनपर्यंत तशीच.
अख्ख्या गल्लीत गरम होती ती माझी इस्त्री,
पितळेची, कोळशाची, सासऱ्यांच्या हातची,
जिला लाईट असली काय, गेली काय.

वैजयंता सिस्टरांची उर्वी आली,
पाठीवर दप्तर, छातीशी टेबलक्लॉथची गुंडाळी.
"मावशी, हे निघतंय काय?
आई सहाला येतीया.
मी अभ्यासाला बसलो होतो, मेणबत्ती कलंडली.
सकाळी वर वह्या पसरून ठेवल्यात, तिला दिसलं न्हाई."
पांढरं पॉपलीन, कडेनं आईनं भरलेली जास्वंद,
आणि त्यावर लाल मेणाचे थेंब,
मसुरीएवढे, हरभऱ्याएवढे,
एक तर चांगला चिंचोक्याएवढा.
नखानं खरवडून दोन ठिकाणी टाका उसवलेला.

म्हटलं, आधी हात काढ.
मेणाला घाई सोसत नाही.
पळ, आप्पाच्या सोड्याच्या गाडीवरनं बर्फाचा खडा आण,
माझं नाव सांग, पैसे देऊ नको.

बर्फ पिशवीत घालून मेणावर ठेवला.
गारठ्यानं ते कडक होतं, ठिसूळ,
रुसलेल्या माणसासारखं.
चमच्याच्या दांड्यानं कडेनं उचकटलं
की टक्कन सुटतं.
सुटले. पाटावर लाल टिकल्यांचा ढीग.
पण मेण दिसतं तेवढंच नसतं,
धाग्याच्या पोटात उतरून बसलेलं असतं.

त्याला कागद लागतो.
पेपर नको, पेपरातल्या बातम्या कापडाला लागतात.
चप्पल लाइनीत भाच्याचं दुकान आहे,
तिथला खाकी कागद मी घड्या घालून ठेवतो.
एक खाली, एक वर, आणि इस्त्री,
राख झटकून, पाण्याचा थेंब टाकून बघून,
बेतानं.
मेण वितळतं आणि कापड सोडून कागदात चढतं,
कागद तिथं पारदर्शक होतो, भज्याच्या पुडीसारखा.
बदलायचा. पुन्हा ठेवायचा. पुन्हा.
सात कागद लागले.

पाचव्या कागदाला माझ्या ध्यानात आलं.
कलंडलेली मेणबत्ती एका जागी सांडते.
हे थेंब तर चालत गेले होते,
मधून निघून कडेकडे,
आणि कडेला तो चिंचोका:
तिथं कुणीतरी हात लांब करून
बराच वेळ उभं होतं.
मी विचारलं नाही.
कापडाला मी बरंच विचारतो, माणसांना कमी.

लाल रंग तेवढा राहिला, पुसट.
"आईच्या डब्यात स्पिरिट असतंय," उर्वी म्हणाली
आणि लगेच गप्प झाली.
नखावर उरलेल्या मेंदीएवढा तो गुलाबी डाग
मी घडीच्या आत घातला.
तिनं दोन रुपयांचं नाणं ठेवलं, आणि एक पेपरमिंट.

साडेसहाला सिस्टर स्वतःच आल्या, युनिफॉर्म न्यायला.
चपला काढून जरा बाकड्यावर टेकल्या.
"काल सीपीआरमधनं सुटायला साडेदहा झाले बघा.
सगळा अंधार, कुत्री अंगावर यायला लागलेली.
गल्लीच्या तोंडाशी आलो, तर कुठलं घर कुठं, कळेना.
नुसत्या आमच्या खिडकीत उजेड.
म्हटलं ही पोरगी अजून जागी कशी?
वर जाऊन बघतो तर गाढ झोपलेली,
तोंडावरनं पांघरूण."
आणि हसल्या.
मी साड्या मोजत होतो. दोनदा मोजल्या.

सकाळी बंबात ते सात कागद घातले.
मेणाचा कागद झटकन धरतो,
रॉकेलची बाटली उघडावी लागली नाही.

शाळेला जाताना उर्वी दारात थांबली,
नुसत्या भुवया वर करून.
म्हटलं, काय कळलेलं नाही तिला.
आणि पुढच्या वेळी
खाली बशी ठेव की गं.