पाचर

गावाचं नावच सूर.
ओमानच्या नेमणुकीच्या कागदावर वाचलं तेव्हा वाटलं,
इथं जुळायला वेळ लागणार नाही.

दवाखान्यात माझ्यापाशी अरबीचे मोजून अकरा शब्द.
कुठे दुखतं, किती, कधीपासून, एवढं त्यांत भागायचं.
कसं दुखतं, ते विचारता यायचं नाही,
आणि मला तर तेच हवं असायचं,
कारण आमच्याकडे कुणाचं नुसतं दुखत नाही.
ठणकतं, ठुसठुसतं, सलतं,
भगभगतं, चमक निघते,
आणि कळ.
ती तर कळण्याच्या घरातलीच.

म्हातारा खमीस, गलबतं बांधणारा सुतार,
उजवं मनगट डाव्या हातात धरून आला,
जणू वाटेत कुणाचं तरी सापडलेलं.
वेन यौवर? मी विचारलं.
तो पुष्कळ बोलला.
मग थकून माझ्या टेबलावर
बोटाचं हाड वाजवलं:
ठक. ठक. थांबून, ठक.
अगं बाई, ठणका!
किती नेमका दाखवला.
केसपेपरवर लिहिला मी तो इंग्रजीत,
मावला तेवढा,
आणि घरी जाताना खाडीच्या कडेने
स्वतःवरच खूश होऊन चालले.

आठवड्याने आला तो हसत.
मनगट झैन.
खिशातून लाकडाचा चपटा तुकडा काढून
गुडघ्यांवर बसला,
टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारला,
आणि वर पुन्हा बोटाचं हाड.
ठक.
आता भरीव वाजलं.

मी हसले की ओशाळले, आठवत नाही.
केसपेपरवर ठणका अजून तसाच आहे.
"साज," तो लाकडाला हात लावून म्हणाला.
"साग," मी म्हणाले.
"साज."
"साग."
दोघंही आपापल्या जागी अडून, आणि बरोबर.
आमच्याकडे पाचर मारणं म्हणजे
दुसऱ्याच्या कामात मोडता घालणं,
हे सांगायला मात्र
बारावा शब्द मिळूनही शब्द पुरले नसते.

शुक्रवारी रात्री विजयदुर्गाहून हेरंबचा फोन.
कशी आहेस, तो विचारतो.
बरी, मी सांगते.
जेवलीस?
जेवले.
सगळे शब्द दोघांनाही येतात.

आज न राहवून मी खोलीतल्या टेबलावर
बोटाचं हाड वाजवलं.
ठक. ठक.
थांबून, ठक.

"दारावर कोण आलंय गं?" तो म्हणाला.
"बघून ये. मी थांबतो."