साठ ग्रॅम

आमच्या जिनिंगच्या धर्मकाट्यावर
दहा किलोच्या खाली काही दिसत नाही.
ट्रक चढतो, लोखंडी पत्रा कुरकुरतो,
लाल आकडे जरा थरथरतात नि थांबतात.
मी पावती फाडतो.
"दादा, अजून एकदा पाहा ना."
पाहतो. तेवढंच असतं.

अठ्ठेचाळीस किलोत खेळायचो मी.
गावात म्हणत, या पेंदामाच्या पोराले
वावटळीत बाहेर सोडू नोका.

अजाबराव सर एसटीच्या डेपोत मेकॅनिक.
ग्रीसचा वास न जाणाऱ्या बोटांनी
माझ्या मुठीला पट्टी गुंडाळत:
अंगठ्यापासून सुरू, मनगटाला तीन वेढे,
"दुखते का? दुखते? मंग बराबर हाय."
बॅग म्हणजे युरियाचा कट्टा,
आत सरकी नि चिंध्या, निंबाच्या फांदीला टांगलेला.
ग्लोव्हजची जोडी एक, पोरं नऊ.
पहिल्याचा घाम नवव्याच्या हाताला
गरमच लागायचा.

पहिली लढत अमरावतीला.
दहा सेकंद उरल्याची ठकठक झाली,
मला वाटलं, संपलं.
मी हात खाली केले.
त्यानं केले नाहीत.

नंतर जिंकलो. बऱ्याच.
हलक्या वजनात सहसा कोणी आडवं होत नाही,
आमचे ठोसे तुरीच्या शेंगेसारखे,
तडकणं मोठं, दाणा बारीक.
एकदा पेपरात नाव आलं, 'पेंधाम' असं.
मायनं तो तुकडा पिठाच्या डब्यात ठेवला,
मग त्याला कीड लागली.

राज्य स्पर्धा चंद्रपूरला, मे महिन्यात.
दुपारी रेनकोट घालून दोरीवरच्या उड्या,
तोंडात चिंच, लाळ थुंकायला कागदी कप.
फायनलच्या सकाळी काट्यावर
अठ्ठेचाळीस, एकशे ऐंशी.
चड्डी उतरवली, सरांनी समोर टॉवेल धरला.
पट्टी कापायच्या कात्रीनं
तिथंच माझं डोकं भादरलं.
अठ्ठेचाळीस, साठ.
वेळ संपली.

"काटा खोटा हाय!" सर ओरडले,
मी त्यांना कधी ओरडताना पाहिलं नव्हतं.
कार्बन घालून अर्ज लिहीत राहिले पाच वर्षं.
किराणा दुकानातून छाप मारलेलं
एक किलोचं वजन मागून आणलं,
पुढं प्रत्येक स्पर्धेत ते पिशवीतून न्यायचे,
आधी काट्यावर ते ठेवायचे,
मग पोराला.
लोक हसायचे.
ते गेल्यावर त्यांच्या पोरानं
ते वजन मला आणून दिलं. पावत्यांवर ठेवतो,
पंख्यानं उडू नयेत म्हणून.

परवा ढेपेचा ट्रक आला. ड्रायव्हर
पावतीसाठी हात पुढं करताना
डावा खांदा आधी आणत होता.
मी म्हटलं, घुगे?
परळीचा घुगे.
न लढता सोनं मिळालेला घुगे.

चहा झाला. म्हणाला,
"लोकायला सांगतो, तिसऱ्या राउंडात घेतलं तुला.
वॉकओव्हर म्हणलं की
तोंड पडतंय त्यांचं."
मग बशी पुसत राहिला उगाच.

मी म्हटलं, रात्री तीन वाजता
होस्टेलच्या नळाला तोंड लावलं होतं मी.
सर खाटेवर झोपले होते, दाराला पाय लावून.
त्यांचा पाय ओलांडून गेलो नि परत आलो.
त्यांनी सकाळी विचारलंसुद्धा नाही.

घुगेनं काही म्हटलं नाही.
ट्रक खाली घेतला,
येऊन पत्र्यावर उभा राहिला. मीही.
एकशे चाळीस.
दोघं मिळून शहाण्णव होतो आम्ही तेव्हा.

मी आत गेलो,
पावत्यांवरचं वजन उचललं,
आणून दोघांच्या पायांमध्ये ठेवलं.
आकडा हलला नाही.
मागून हॉर्न वाजत होता, कोणाचा तरी.