टिंबाच्या अलीकडे

उमरेडकर डॉट इन
हे नाव मी घेतलं तेव्हा
इतवारीत आमचं एकच दुकान होतं.
एकच पान, वर हळदीच्या पोत्याचा फोटो,
जरा तिरपा.

मग भिंत आली. आधी प्लायवूडची, नंतर विटांची.
मोठे काका म्हणाले, माझं वेगळं कर बाप्पा.
मी आडनावाआधी एक टिंब दिलं :
मसाले, टिंब, उमरेडकर.
बाबांचं किराणा, टिंब, उमरेडकर.
विशाखावहिनीचा डबा तर
चहा निवायच्या आत उभा राहिला.

काकांना वाटतं, त्यांनी जागा घेतली.
मला दिसतात
भाड्याच्या एकाच खात्यात तीन फोल्डर,
भिंतीला भिंत लागून.
वहिनीच्या पाटवडीचे फोटो जड झाले
की काकांची हळदही हळू उघडते.
हे मी कुणाला सांगत नाही.
मार्चमध्ये पैसे भरतो, तिघांचे.

परवा रात्री प्रणय आला, काकांचा.
"आडनाव काढून टाक दादा,
मी स्वतःचं डोमेन घेतलं."
काहून, ते विचारलं नाही.
पत्ता वळवायला दोन क्लिक पुरतात.

जगाला कळायला मात्र दिवस जातो.
काल संध्याकाळपर्यंत
कोणी कामठीहून, कोणी भंडाऱ्याहून
भिवापुरी मिरची शोधत
जुन्याच दारी येऊन राहिले होते.

आज एकही नाही.
फोल्डर अजून पुसलं नाही मी.
एकशे चाळीस एमबी.
तशी काही अडचण नाही त्याची.