पानांची माती

धुराडं थंडावलं त्याला वीस वर्षं झाली,
तरी त्याच्या पलीकडच्या बर्चच्या रानात
पानं कुजत नाहीत.
अलोइझी पाय टाकतो, घोट्यापर्यंत खचतो:
वरची यंदाची, खालची परारची, त्याखाली
त्याच्या मुलीच्या लग्नाच्या साली गळलेली,
शीर न् शीर शाबूत,
पत्ता न सापडून परतलेल्या टपालासारखी.

आमच्याकडे एखाद्याचं वाटोळं झालं की म्हणतात,
माती झाली.
इथे, सायलेशियात, मी पहिल्यांदा पाहिलं
माती न होणं.

प्रयोगशाळेत तो तीन बरण्या घेऊन आला,
काकडीच्या लोणच्याच्या.
झाकणांवर अजून गेर्त्रुदाचं अक्षर: शेपू, लसूण.
एकीत रानातली माती, दुसरीत त्याच्या वाफ्यातली.
तिसरीबद्दल बोलला नाही.

मी वजन केलं, बिनरंगी द्रावण घातलं,
सदतीस अंशांवर, अंधारात, रात्रभर ठेवलं.
माती जिवंत असेल तर तिच्यातली विकरं
सकाळपर्यंत नळी लाल करतात.
एवढंच असतं. लाल म्हणजे
आत आहे कुणीतरी.

पहिली नळी: पाणी.
दुसरी: आजाऱ्याच्या नखाइतकी गुलाबी.
तिसरी डाळिंब.

"खिडकीतली कुंडी," तो म्हणाला,
"गेर्त्रुदानं माहेराहून आणलेली माती.
जिरेनियमसाठी. बसमध्ये मांडीवर घेऊन."

मी आकडे वाचले. शिसं, जस्त, कॅडमियम.
"पण गाजरं येतात की!"
येतात. आखूड, टोकाशी तपकिरी, बोथट.
कोवळ्या पानांत शिरा तेवढ्या हिरव्या,
मधलं सगळं पिवळं.
आंबट चुका मात्र छान फोफावतो,
आणि तोच खायचा नाही.
"सूपसुद्धा?"
मी मान हलवली. तो टोपी फिरवत बसला.

व्याकरणात धातूपासून क्रियापद निघतं.
मातीत धातू शिरला की
एकेक क्रिया गळते,
फोडणं, पचवणं, सोडवणं, देणं.
विकराच्या कुलपात भलतीच किल्ली
मोडून बसते.
शिसं कुठे जात नाही. शिशाला म्हातारपण नाही.
अलोइझीला आहे.

त्यानं चुना टाकला. कुणाच्या तरी तबेल्यातून
घोड्याची लीद आणली, हातगाडीनं, सात खेपा.
आणि एके दिवशी, मला न विचारता,
ती कुंडीही वाफ्यात उपडी केली.
मी रागावले. म्हटलं, मूठभर मातीनं काय होणार?
"ठाऊक आहे," म्हणाला.

तिसऱ्या वसंतात त्याची नळी
मला जरा गडद वाटली. यंत्राला नाही वाटली.

त्याच आठवड्यात तो पाकीट घेऊन आला,
वाढदिवसाचं कार्ड असावं तसं धरून.
आत वाफ्याच्या कडेचं एक पान:
काळं, ओलसर, भोकं पडलेलं,
कडेनं विरत चाललेलं.
"कुजलंय," तो म्हणाला. हसत होता.

मी ते उजेडात धरलं.
बोटांना लागलं थोडं.
नमुन्यांच्या वहीत त्याला क्रमांक द्यायचा
राहूनच गेला.